नऊ लग्नं आणि उरलेली पंचाहत्तर जेवणं

प्रश्न : वय ४१, उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. ऑफिस फोर्टला, घर मुलुंडला. पुढच्या सहा आठवड्यांत नात्यातली आणि ऑफिसातली मिळून नऊ लग्नं आहेत. दर हिवाळ्यात दोन किलो वाढतात आणि नंतर उतरत नाहीत. लग्नाच्या दिवशी दुपारी जेवत नाही, तरी उपयोग नाही. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुपारचं जेवण टाळणं आधी थांबवा, घोटाळा तिथेच होतोय. रिसेप्शन सातचं असलं तरी फोर्टहून निघून, घरी साडी बदलून हॉलवर पोहोचेपर्यंत साडेआठ वाजतात. मग स्टेजपुढची आहेराची रांग. नाश्त्यानंतर बारा तास पोटात काही नाही आणि समोर ट्रे फिरतोय : मंचुरियन, पनीर टिक्का, छोटे बटाटेवडे. उभ्या उभ्या खाल्लेले सहा-सात तुकडे कुणाच्याच हिशेबात येत नाहीत, आणि त्यानंतर ताटही पूर्ण वाढून घेतलं जातं.

त्या दिवशी डबा नेहमीसारखा खा. संध्याकाळी साडेपाचला, ऑफिसातून निघण्याआधी, वाटीभर मुगाची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी खा. हॉलवर ट्रेला हात न लावता थेट ताट घ्या. आधी कोशिंबीर, वरण, उसळ. मग पुरी, मसालेभात आणि जिलेबी यांतले दोनच पदार्थ निवडा. पंज्याएवढी एक पुरी १०० कॅलरींच्या घरात जाते, त्यामुळे दोन पुऱ्यांवर थांबलात तर फरक पडतोच. निघताना हातात पडणारे बुंदीचे लाडू दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटून टाका. घरात राहिले तर ते येता-जाता संपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा किलोभर वर दिसेल, घाबरू नका. शरीरावर एक किलो चरबी चढायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात. एका संध्याकाळी तेवढं खाऊन होत नाही. जास्त मीठ आणि भात-गोड खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, लग्नानंतर तीन दिवस सोडून, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाआधी करा. काटा फरशीवर ठेवा, चटईवर ठेवला की आकडा चुकतो.

आता खरा हिशेब. सहा आठवडे म्हणजे ८४ जेवणं. त्यातली ९ लग्नातली, ७५ तुमच्या स्वयंपाकघरातली. लग्नाच्या रात्री ५०० कॅलरी जादा गेल्या तर नऊ रात्रींच्या ४,५०० होतात. उरलेल्या ३३ दिवसांत रोज ३०० कमी खाल्ल्या तर ९,९०० वाचतात. म्हणजे वाढ तर नाहीच, उलट अर्धा-पाऊण किलो उतरेल. या दिवसांत यापेक्षा मोठं लक्ष्य ठेवू नका, मोडलं की सगळंच सुटतं.

रोजच्या ३०० कशा कमी करायच्या? एक पोळी कमी, दोन चहांतली साखर बंद आणि भाजीतलं तेल निम्मं, एवढं पुरतं. तेल डोळ्यांनी नका मोजू, डब्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला चार चहाचे चमचे, म्हणजे २० मिली धरले तर चौघांना ५ लिटरचा डबा दोन महिने पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर वजनाचं कारण लग्नं नाहीत.

प्रश्न : सासूबाई साताऱ्याहून डबाभर डिंकाचे लाडू पाठवतात. थंडीत खाल्लेच पाहिजेत असं म्हणतात. नको म्हणवत नाही.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नको म्हणूही नका. पदार्थ उत्तम आहे, पण तो बाळंतिणीसाठी आणि कडाक्याच्या थंडीत राबणाऱ्यांसाठी घडलेला आहे. मुंबईचा पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. खोबरं, तूप, गूळ, खारीक घातलेला ४० ग्रॅमचा एक लाडू १८० ते २०० कॅलरींचा होतो. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर एकेक म्हणजे जवळपास एका जेवणाएवढं.

लाडू किंचित गरम करून फोडा आणि लिंबाएवढे, २५ ग्रॅमचे, पुन्हा वळा. रोज एक, ग्लासभर दुधाबरोबर, आणि त्या दिवशी पोहे-उपमा नाही. पुढच्या वेळी घरी करायचे ठरवलेत तर डिंक ज्वारीच्या दाण्याएवढा कुटून घ्या. मोठे खडे बाहेरून फुलतात, आत कच्चे राहून दातांना चिकटतात. तूप फार तापलं तरी तेच होतं. मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा फुलवला तर तळणीचं तूपही वाचतं.

प्रश्न : मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करते, तरी वजन वाढलं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : गोळीचं आधी. ही गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर उपास बाजूला ठेवून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. पुढच्या गुरुवारआधी डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा आणि वेळ ठरवा, स्वतः बदलू नका.

वजनाचं कारण साबुदाणा. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि एक मोठा चमचा तूप, एवढ्या खिचडीत साधारण ४७० कॅलरी असतात आणि प्रथिनं जेमतेम सहा ग्रॅम, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी आणि वाटीभर दही घ्या. रात्री नैवेद्याची पुरणपोळी एकच, तिच्याबरोबर भात नको.

प्रश्न : एकतीस डिसेंबरला व्हिस्की चालेल की बिअर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डॉक्टरांनी बंदी घातली नसेल तर व्हिस्की ६० मिली, सोडा किंवा पाण्यातून : सुमारे १४० कॅलरी. बिअरची ३३० मिलीची बाटलीही जवळपास तेवढीच. कोला मिसळला की ३०० मिलीमागे आणखी सव्वाशे. पण लक्ष चखण्यावर ठेवा, मूठभर तळलेल्या दाण्यांतच पेगहून जास्त कॅलरी असतात. त्याऐवजी उकडलेले चणे, कांदा, टोमॅटो, लिंबू घरीच कालवून ठेवा आणि पहिल्या पेगआधी जेवून घ्या.