झाड नाही तिथं अरण्य कसं?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) लोकांबरोबर पवित्र भूमीची यात्रा करून आल्या, आता मंडळीच्या अंकासाठी प्रवासवर्णन आणि त्यावरचं मनन लिहितायत. त्या म्हणतात, "यरुशलेमहून यरीहोकडे उतरताना दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मध्ये चिरल्यासारख्या खोल दऱ्या. गाईड त्याला वाळवंट म्हणत होता. आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र येशूला आत्म्याने 'अरण्यात' नेलं, असं आहे. मला तर तिथं धड झाड दिसलं नाही. भाषांतर चुकलंय का? आणि कॅनियनला दरी म्हणू, की खिंड?"

ताई, भाषांतर बरोबर आहे. अरण्य म्हटलं की साग-बांबू डोळ्यांपुढे उभे राहतात, तिथं आपली गडबड होते. संस्कृतात 'अरण' म्हणजे परका, दूरचा. त्यावरून अरण्य, म्हणजे गावाच्या हद्दीपलीकडची जमीन. तिथं झाडं असली तर असली. 'जंगल'ची गंमत तर याहून मोठी. मुळातला 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात पाणथळ 'आनूप' देशाच्या उलट 'जांगल' देश सांगितलाय. त्या हिशेबानं आपला मंगळवेढ्याकडचा माळ हेच खरं जंगल आणि कोकणात आहे ते दुसरंच काहीतरी! (हा माझा आगाऊपणा, परीक्षेत लिहू नका.)

येशूची गोष्ट ग्रीकमध्ये लिहिलेली आहे, पण या अरण्यामागचा जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे 'मिदबार'. वस्ती नाही, नांगरट नाही, पाऊस पडला की चार दिवस गवत उगवतं आणि मेंढरं चरतात, अशी जमीन. मोशे सासऱ्याची मेंढरं घेऊन गेला आणि त्याला जळतं झुडूप दिसलं, ते असल्याच जागी. 'गणना' या पुस्तकाचं हिब्रू नावच 'बमिदबार' आहे, म्हणजे 'रानात'. आता हे 'रान' सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. "मालक कुठंयत?" "रानात गेलेत." म्हणून कुणी वाघ मारायला गेलेलं नसतं. पिकाचं ते रान, पडीक तेही रान आणि नान्नजला माळढोकासाठी राखलंय ते माळरान. मेंढरं घेऊन माळावर मुक्कामाला असलेल्या धनगराला मिदबार दाखवला, तर तो दुसरा शब्द शोधत बसणार नाही. यशया या पुस्तकाच्या ४०व्या अध्यायात तर एकाच वचनात दोन्ही शब्द आलेत, 'अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा' आणि लगेच 'रानात सरळ राजमार्ग करा'. हिब्रूतही तिथं दोन वेगळे शब्द आहेत. भाषांतर करणाऱ्यांनी जोडी नीट राखली.

उलट 'वाळवंट' लिहिलंत, तर आपल्या जिल्ह्यात घोटाळा नक्की. आपलं वाळवंट पंढरपूरला, चंद्रभागेच्या काठी. 'खेळ मांडीयेला वाळवंटी घाई' या तुकोबांच्या ओळीत वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, आणि तिथं एकांत शोधायला कुणी जात नाही, टाळमृदंगाच्या गर्दीत नाचायला जातात. भूगोलाच्या पुस्तकातलं थरचं वाळवंटही वाळूचंच. तुम्ही पाहिलात तो यहूदियाचा डोंगराळ भाग चुनखडीचा, खडूसारख्या दगडाचा. वाळूच नाही, तर वाळवंट कशाचं? माझं मत विचाराल तर 'रान' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'ओसाड रान' म्हणा.

आता कॅनियन. खिंड नको. खिंड म्हणजे डोंगर ओलांडायची फट, पावनखिंडीसारखी. दरी चालेल, २३व्या स्तोत्रात 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' असंच आहे. पण दरी फार ऐसपैस शब्द आहे, महाबळेश्वरच्या पॉइंटवरून दिसते तीही दरीच. त्या स्तोत्रातला हिब्रू शब्द 'गै' अरुंद, उभ्या कडांच्या जागेला लागतो. त्याला मराठीत 'घळ' बसतो. शाळेत नदीचं कार्य शिकताना 'घळई' पाठ केली होती, तिचंच हे घरातलं नाव. शिवाय या शब्दाला साधनेचा वास आहे. शिवथरघळीत रामदासांनी दासबोध रचला असं मानतात, आणि तुम्ही उतरलात त्या वाटेवरच्या घळीत कड्याला चिकटून सेंट जॉर्जचा मठ आहे, आसपास संन्याशांच्या गुहा आहेत. तुमच्या मननाला एवढं सामान एका शब्दात फुकट मिळतंय.

कॅनियनचं मूळही सांगतोच, नाहीतर मला झोप लागायची नाही. स्पॅनिश 'कान्योन' म्हणजे मोठी नळी. त्यामागे लॅटिन 'कान्ना', म्हणजे बोरू, आणि त्याच्याही मागे सेमिटिक भाषांतला शब्द, जो हिब्रूत 'काने' असा आहे. 'चेपलेला बोरू तो मोडणार नाही' या यशयाच्या वचनातला बोरू तो हाच! आपल्याकडेही तीच चाल. संस्कृत 'नड', 'नल' म्हणजे बोरूसारखं गवत, त्यावरून नळी, आणि हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्यांना विचारा 'नळीची वाट' कशी असते ते. दोन्ही बाजूंना कातळ आणि मध्ये दगडधोंड्यांची घसरण. कुठला स्पेन आणि कुठला सह्याद्री, पण चिंचोळी घळ पाहून दोघांनाही पोकळ काडीच आठवली.

'मृत्युच्छाया' या शब्दात हिब्रू 'त्सेल', म्हणजे सावली, आहे असं परंपरेनं वाचतात. १२१व्या स्तोत्रात 'परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुला सावली आहे' म्हटलंय, तिथंही तोच त्सेल. मे महिन्यात सात रस्त्याला रिक्षाची वाट पाहिलेल्या माणसाला ही दुसरी सावली आधी कळेल. घळीत दुपारी दोन्ही सावल्या एकदमच पडत असणार. तुम्ही तिथं उभ्या होतात, तेव्हा यावर तुम्हीच लिहा.

जाता जाता दोन दुरुस्त्या. कच्च्या मजकुरात तुम्ही त्या मठाच्या घळीचं नाव 'वाडी केल्ट' लिहिलंय. 'वादी' करा, नाहीतर वाचणारा विचारेल, किती घरांची वाडी? अरबी वादी म्हणजे एरवी कोरडा आणि पाऊस झाला की लोंढा आणणारा आपला ओढाच. आणि 'यरीहोला गेलो' याऐवजी 'खाली यरीहोला' लिहा. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूसही यरुशलेमहून 'खाली' यरीहोला चाललाय. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, यरीहो सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे तुमची बस हजारेक मीटर उतरली, कानाला दडे बसले असतील.