सिंटरिंग म्हणजे वितळणे का?

प्रश्न असा: अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या) चकत्यांविषयीच्या एका भाषांतरात 'सिंटरिंग'ला, म्हणजे भुकटीचे कण उष्णतेने सांधण्याला, 'वितळवणे' आणि 'ग्रीन बॉडी'ला 'हिरवा पिंड' म्हटले आहे. हे चालेल का?

दोन्ही नको. 'हिरवा' तर हास्यास्पद, कारण भुकटी दाबून तयार केलेली अ‍ॅल्युमिनाची चकती पांढरीफेक असते. इथे ग्रीन म्हणजे न भाजलेला. कच्ची वीट, कच्चे मडके म्हणतो तसा 'कच्चा घडीव' म्हणा, झाले.

'वितळवणे'ने मात्र अर्थच फिरतो. अ‍ॅल्युमिना वितळतो सुमारे २०५०° से.ला, सिंटरिंग होते १६००°च्या आसपास. तेवढ्या उष्णतेत अणू घन अवस्थेतच सरकतात, टेकलेल्या कणांच्या सांध्याशी 'मान' (अरुंद जोड) तयार होते, ती जाडावत जाते आणि मधल्या पोकळ्या बुजतात. वस्तूचा आकार तोच राहतो, माप तेवढे आक्रसते. कच्च्या चकतीची घनता कमाल घनतेच्या ५८ टक्के असेल आणि भाजल्यावर ९८ टक्के झाली, तर व्यास साधारण १६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे १०० मिमीची चकती हवी, तर कच्ची ११९ मिमीची लागते. वितळवली असती तर चकतीच उरली नसती!

पोर्सेलीनमध्ये (चिनी मातीत) फेल्डस्पार हे खनिज खरोखर वितळते, कणांच्या फटींत शिरते आणि निवल्यावर त्याची काच होते. पण तिथेही वितळतो तो एक घटक, अख्खी वस्तू नाही.

मग 'भाजणे' का नको? कारण भाजण्यात सगळेच आले: ओल जाणे, बंधक (भुकटी धरून ठेवायला मिसळलेला पदार्थ) जळणे, सिंटरिंग, निववणे. सिंटरिंग हा त्यातला एक टप्पा. बंधक साधारण २०० ते ५००° दरम्यान जळतो. तिथे तापमान भराभर चढवले तर आतल्या वायूला बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि चकतीला फोड येतात किंवा ती तडकते. मूळ मजकुरात 'मिनिटाला १°' असा वेग याच टप्प्यासाठी दिला असेल, तर तिथे 'भाजणी' लिहा. 'सिंटरिंगचा वेग' लिहिलेत तर वाचणारा सुरुवातीला भट्टी भरधाव तापवेल.

'सिंटर' हा शब्द मूळचा जर्मन, अर्थ धातूचा मळ किंवा खनिजाचा थर; निखाऱ्याच्या खड्यांसाठीचा इंग्रजी 'सिंडर' त्याचाच भाऊबंद. मी 'सिंटरिंग' तसाच ठेवेन आणि पहिल्या उल्लेखाला 'न वितळवता, भाजून कण सांधणे' असे जोडेन.