वाचकांचे प्रश्न : फॉर्ममधून आलेली फाइल सांभाळताना

प्रश्न : परळमधील एका शैक्षणिक विश्वस्त संस्थेसाठी मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान तयार केले आहे. दहावीचा निकाल लागला की विद्यार्थी गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि स्वतःचे छायाचित्र अशा तीन फाइली त्यातून पाठवतात. एका फाइलीची मर्यादा मी वाढवून १० एमबी केली आहे आणि फाइली संकेतस्थळाच्याच ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये मूळ नावाने ठेवतो. यंदा काही विद्यार्थ्यांनी सगळा अर्ज भरूनही त्यांना ‘नाव भरणे आवश्यक आहे’ हाच संदेश येत राहिला. दोन मुलींच्या अर्जांत एकच गुणपत्रिका निघाली. शिवाय, फाइलीच्या नावाच्या शेवटी जेपीजी किंवा पीडीएफ आहे एवढे पाहणे पुरेसे आहे का, असे एका सहकाऱ्याने विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. (एक वाचक, परळ)

उत्तर : पहिल्या अडचणीत विद्यार्थ्यांची काहीही चूक नाही, हे त्यांना आवर्जून कळवावे. पीएचपीमध्ये दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. ‘अपलोड मॅक्स फाइलसाइज’ ही एका फाइलीची मर्यादा मुळात २ एमबी असते, ती आपण वाढवली. ‘पोस्ट मॅक्स साइज’ ही संपूर्ण अर्जाची, म्हणजे तिन्ही फाइली आणि भरलेला मजकूर मिळून असलेली मर्यादा मुळात ८ एमबी असते, ती बहुधा तशीच राहिली आहे. फोनवर काढलेले छायाचित्र सहज ३–४ एमबीचे होते आणि अशी तीन एकत्र आली की ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी पीएचपी केवळ फाइली नाकारत नाही, तर मजकुराचा आणि फाइलींचा असे दोन्ही संच रिकामे ठेवून आपला कोड चालू करते. त्यामुळे आपल्या कोडला नावही रिकामे दिसते आणि तो प्रामाणिकपणे ‘नाव भरा’ असे सांगतो. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ८३८८६०८ ही संख्या शोधून पाहा. ती ८ एमबीची बाइटमधील किंमत आहे आणि मर्यादा ओलांडल्याच्या इशाऱ्यात ती लिहिलेली असते.

आपल्या अर्जासाठी ‘पोस्ट मॅक्स साइज’ ३५ एमबीच्या आसपास ठेवावी. या दोन्ही किमती कोडमधून बदलता येत नाहीत, कारण कोड सुरू होण्याआधीच फाइली उतरवून घेतल्या गेलेल्या असतात. त्या पीएचपीच्या किंवा सर्व्हरच्या मांडणीतच लिहाव्या लागतात. सर्व्हरपुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी स्वतःकडे घेणारे सॉफ्टवेअर) असेल, तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबीच असते आणि ती ओलांडणारा अर्ज ४१३ हा क्रमांक घेऊन दारातूनच परत फिरतो, हेही ध्यानात असू द्यावे. याशिवाय कोडच्या सुरुवातीलाच एक तपासणी असावी : विनंती पोस्ट प्रकारची (म्हणजे फॉर्म पाठवणारी) आहे, तिची लांबी शून्याहून अधिक आहे आणि तरीही दोन्ही संच रिकामे आहेत, असे आढळले, तर ‘आपल्या फाइली एकत्रितपणे फार मोठ्या आहेत’ असे स्वच्छ मराठीत सांगावे. त्यानंतर प्रत्येक फाइलीसोबत येणारा एरर क्रमांक पाहावा. ० म्हणजे फाइल नीट आली, १ म्हणजे ती मर्यादेपेक्षा मोठी आहे, ३ म्हणजे अर्धवट आली, ४ म्हणजे निवडलीच नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या अर्ज भरणाऱ्या मुलाची जोडणी मधेच तुटते. त्याला ‘काहीतरी चुकले’ एवढेच कळले, तर तो पुन्हा प्रयत्न करील याची खात्री नसते.

दुसऱ्या अडचणीचे कारण सरळ आहे. दोन्ही मुलींच्या फाइलीचे नाव ‘मार्कशीट डॉट जेपीजी’ असे असणार. तात्पुरत्या जागेतून फाइल हलवणारे ‘मूव्ह अपलोडेड फाइल’ हे फंक्शन त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर काही न विचारता तिच्यावर नवी फाइल लिहिते. म्हणून पाठवणाऱ्याचे नाव साठवणुकीसाठी कधीही वापरू नये. ‘रँडम बाइट्स’ या फंक्शनने यादृच्छिक १६ बाइट घेऊन त्यांचे ३२ अक्षरी नाव तयार करावे, फाइल त्या नावाने ठेवावी आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये केवळ दाखवण्यासाठी जपावे, पानावर दाखवतानाही ते एस्केप करूनच, म्हणजे त्यातील चिन्हे ब्राउझर कोड समजणार नाही अशी करूनच, दाखवावे. मराठी नावांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात, त्यामुळे ‘मार्कशीट’ हा छोटा शब्दच २४ बाइटचा होतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, शाळा आणि वर्ष असे सगळे फाइलीच्या नावात लिहिणारे पालक ही मर्यादा गाठू शकतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ब्राउझरने कळवलेले फाइलीचे नाव आणि प्रकार या दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्याच्या हातात असतात. त्याने प्रकार म्हणून ‘इमेज जेपीईजी’ असे लिहून पाठवले, तर पीएचपी तेच आपल्यापुढे ठेवते. आकार मात्र सर्व्हरने स्वतः मोजलेला असतो, म्हणून त्यावर विसंबता येते. प्रकार ठरवण्यासाठी पीएचपीतील ‘फाइनफो’ या सोयीने फाइलीच्या आतला मजकूर तपासावा. जेपीजी फाइल एफएफ डी८ एफएफ या बाइटनी सुरू होते आणि पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व पुढे पीडीएफ ही अक्षरे असतात. परवानगी असलेल्या मोजक्या प्रकारांची यादी करून त्याबाहेरचे सर्व नाकारावे. एसव्हीजी हे चित्र असले तरी त्यात स्क्रिप्ट दडवता येते, म्हणून ते या यादीत नको. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे हाइक (एचईआयसी) या प्रकारातही जतन होतात; ती नाकारणार असाल, तर ‘जेपीजी करून पाठवा’ असा स्पष्ट संदेश द्यावा.

मात्र आरंभीचे बाइट खरे आणि पुढे पोटात पीएचपीचा कोड, अशी फाइल बनवणे अवघड नाही. म्हणून फाइल कशी तपासली याइतकेच ती कोठे ठेवली हे महत्त्वाचे ठरते, आणि आपल्या पत्रातील मला सर्वाधिक काळजी वाटलेली गोष्ट तीच आहे. ‘अपलोड्स’ फोल्डर संकेतस्थळाच्या आत असल्यामुळे तेथे पोहोचलेली कोडची फाइल कोणी ब्राउझरमधून उघडली, तर सर्व्हर ती चालवू शकतो. पण हल्लेखोर आलाच नाही असे धरले, तरी पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही एखाद्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला उघडता येतो. त्या कागदावर तिच्या वडिलांचे नाव, राहता पत्ता आणि घरात येणारे पैसे लिहिलेले असतात. एखादे कुटुंब आपली मिळकत शेजाऱ्यालाही सांगत नाही. ती त्यांनी आपल्या संस्थेला विश्वासाने सांगितली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माहिती गोळा करणाऱ्यावर तिच्या वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे, आणि दहावीची बहुतेक मुले तर अठरा वर्षांखालची असतात.

तेव्हा फोल्डर आजच संकेतस्थळाच्या मूळ निर्देशिकेबाहेर हलवावे. फाइल दाखवण्यासाठी एक छोटा कोड लिहावा, जो प्रथम लॉगिन आणि अधिकार तपासेल, मग डेटाबेसमधून फाइलीचा शोध घेईल, आणि ती डाउनलोड म्हणून, ‘नोस्निफ’ (ब्राउझरने फाइलीचा प्रकार स्वतः ताडू नये) या सूचनेसह पाठवील. शिष्यवृत्ती वाटून झाल्यावर कोणती कागदपत्रे किती दिवसांनी पुसायची, हे विश्वस्तांकडून लेखी ठरवून घ्यावे.

छायाचित्रांबाबत एक सूचना. पीएचपीतील जीडी ही चित्रे हाताळणारी लायब्ररी वापरून चित्र नव्याने जतन केले, की आत दडवलेला मजकूर बहुतेक वेळा निघून जातो आणि घराचे स्थान सांगणारी एग्झिफ माहितीही (फोनने छायाचित्रासोबत साठवलेली नोंद) नाहीशी होते. त्याच माहितीत फोन आडवा होता की उभा याची नोंद असते, म्हणून ती आधी वाचून चित्र फिरवून घ्यावे, अन्यथा मुले आडवी झालेली दिसतील. जीडी प्रत्येक बिंदूला ४ बाइट घेते, त्यामुळे ४००० गुणिले ३००० बिंदूंच्या चित्राला सुमारे ४८ एमबी स्मृती लागते. चित्र उघडण्यापूर्वी ‘गेट इमेज साइज’ने लांबी-रुंदी पाहून अवाजवी मोठी चित्रे परत पाठवावीत.

प्रश्न : मी नोड आणि एक्स्प्रेस ही जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिण्याची साधने शिकत आहे. फॉर्म पाठवल्यावर फाइलीऐवजी केवळ तिचे नाव सर्व्हरवर येते. काय राहिले असेल? (एक विद्यार्थिनी, बोरिवली)

उत्तर : फॉर्मच्या टॅगमध्ये एनकोडिंगचा प्रकार ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ असा लिहायचा राहिला आहे. तो न लिहिल्यास ब्राउझर जुन्या पद्धतीने मजकूर पाठवतो आणि फाइलीच्या जागी तिचे नावच जाते. फाइली पाठवण्याची ही पद्धत १९९५ मध्ये आरएफसी १८६७ ने मांडली आणि आजही तीच चालते. हा बदल केल्यावर मात्र एक्स्प्रेसच्या नेहमीच्या पार्सरांना अर्ज वाचता येणार नाही, कारण त्यांना मल्टिपार्ट कळत नाही. त्यासाठी मल्टर हे फाइली स्वीकारणारे पॅकेज जोडावे लागेल. मल्टरला दिलेले क्षेत्राचे नाव आणि फॉर्ममधील नाव अक्षरशः सारखे हवे, नाहीतर ‘अनपेक्षित क्षेत्र’ अशी एरर येते. आकाराची मर्यादा मल्टर स्वतःहून घालत नाही, ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. आणि फाइल स्मृतीत ठेवण्याऐवजी डिस्कवर घ्यावी, कारण एकाच वेळी वीस जणांनी मोठ्या फाइली पाठवल्या, तर लहान सर्व्हरची स्मृती त्यातच संपेल.