थेट ट्रक घ्यावा की आधी ड्रायव्हरकी करावी?

तुम्ही लिहिलंय की वय 24 आहे, कारचं लायसन्स आहे, हाताशी 8 लाख आहेत आणि ट्रान्सपोर्टच्या धंद्यात उतरायचंय; तर हप्त्यावर गाडी काढावी की आधी दुसऱ्याच्या गाडीवर बसावं?

आधी गाडीवर बसा. निदान दोन वर्षं. मी क्लीनर म्हणून सुरुवात केली, मग सहा वर्षं शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आज माझ्या स्वतःच्या चार गाड्या आहेत. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरतात आणि आग्रा रोडने इंदूर, दिल्लीकडे जातात.

स्टिअरिंग हातात बसायला सहा महिने पुरतात. पैसा नेमका कुठे गळतो, हे कळायलाच दोन वर्षं लागतात.

एकट्याने नेलेली माझी पहिली दिल्लीची खेप पावसाळ्यातली होती. धुळ्याच्या पुढे पावसाने गाठलं. मी ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली आणि पाऊस थांबल्यावरही तशीच ठेवली. आझादपूर मंडीत फाळका उघडला तर आतून वाफ आली. मधल्या थरातल्या गोण्या हाताला गरम लागत होत्या आणि तळाच्या ओल्या झाल्या होत्या. व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले, शेठने पगारातून. कांद्याला वारा लागतो. पाऊस ओसरला की ताडपत्रीच्या बाजू मोकळ्या करायच्या, वरचा भाग तेवढा झाकलेला ठेवायचा. परत येताना सेंधव्याच्या ढाब्यावर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला हे समजावलं. आजही पावसात माझी गाडी रस्त्यावर असली की मी रात्री फोन करून पहिलं हेच विचारतो, "पाऊस थांबला का? बाजू सोडल्या का?" थेट मालक झालो असतो तर हा प्रश्न मला सुचलाच नसता.

घाटाचंही तसंच. परतीला बिजासन घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नाही. ज्या गेअरमध्ये घाट चढतो, त्याच गेअरमध्ये उतरायचं. मालकाने सरासरीसाठी, म्हणजे लिटरला जास्त किलोमीटर निघावेत म्हणून, ड्रायव्हरच्या मागे लागताना हे आठवावं. दोन-चार लिटरच्या हिशोबासाठी कोणाचा जीव जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता हिशोब. पिंपळगाव ते दिल्ली साधारण साडेबाराशे किलोमीटर. भरलेला दहा टायरी ट्रक लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देतो, म्हणजे एका बाजूला तीनशेच्या वर लिटर डिझेल. त्यावर टोल, भत्ता, टायरची झीज. जाताना भाडं चांगलं मिळतं. येताना चार दिवस माल मिळाला नाही की आधीची कमाई जागेवर बसून संपते. म्हणून ड्रायव्हर असतानाच परतीच्या भाड्याचे हुंडेकरी (गाडीला माल मिळवून देणारे दलाल) जोडून ठेवा. कोण ठरल्याप्रमाणे ॲडव्हान्स देतो, पोहोच पावती दिल्यावर बाकी कोण महिनाभर लटकवतो, हे ऑफिसात बसून कळत नाही. मुंबईकडचा माल असेल तर वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोणी द्यायची, हे गाडी भरण्याआधीच बोलून घ्या. खाली करताना ड्रायव्हर एकटा पडतो आणि पैसे त्याच्याच खिशातून जातात. माझेही गेलेत.

कागदांचं थोडक्यात: ट्रान्सपोर्टच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळायला वय 20 पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस चालतं. गाडी रस्त्यात बिघडली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून ती संपल्यावर 8 तासांपर्यंत वाढवता येते. शेठला लगेच फोन करायची सवय ड्रायव्हर असतानाच लावा.

ड्रायव्हरकीच्या दोन वर्षांत उन्हात कॅबिनमध्ये झोपाल, गाडीच्या सावलीत स्टोव्हवर भात लावाल, पोराच्या आजारपणात घरापासून हजार किलोमीटरवर असाल. मालक झाल्यावर ड्रायव्हर "शेठ, झोप येतेय" म्हणाला, तर तुम्ही त्याला गाडी बाजूला लावायला सांगाल. माझ्याकडचे दोन ड्रायव्हर नऊ वर्षं टिकलेत, ते याच एका गोष्टीमुळे.

गाडी काढायची वेळ आली की जे मॉडेल स्वतः चालवलंय, तेच घ्या. जुनी घेत असाल तर फिटनेस, टॅक्स, थकलेली चलानं आणि बँकेची एनओसी (गाडीवरचं कर्ज फिटल्याचं पत्र) बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. 8 लाखांतले निदान 3 लाख हप्ते आणि टायरसाठी बाजूला ठेवा, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत भाड्याची बाकी हातात येत नाही.