पिकनिकची जागा पहिल्यांदाच शोधताय?

दोघांसाठी आणि पंधरा जणांसाठी एकच बाग चालेल का, असं विचारलंय तुम्ही. बाग चालेल, कोपरा वेगळा लागेल.

सुरुवातीला सावली, स्वच्छतागृह आणि बाग बंद व्हायची वेळ एवढंच बघा. तळं, फुलं, फोटो नंतर. नवखे हमखास फसतात ते सावलीत. सकाळी जागा हेरतात, जातात दुपारी चारला, तोवर सावली झाडाच्या पूर्वेला सरकलेली! म्हणून ज्या वेळी बसणार, त्याच वेळी एकदा चक्कर मारून या. शक्यतो वारही तोच ठेवा, सुट्टीची गर्दी मंगळवारी कशी दिसणार?

डेटसाठी मुख्य वाटेपासून थोडं आत बसा, पण ये-जा दिसत राहील असं. पहिल्याच भेटीत निर्जन कोपरा निवडू नका. तुम्हाला रोमँटिक वाटेल, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

ग्रुपसाठी:
- फाटकाजवळची सपाट जागा. सामान उचलून लांब चालायला कुणीच तयार नसतं.
- फोनवर एका वाक्यात सांगता येईल अशी खूण. ‘मोठ्या झाडाखाली’ ही खूण नव्हे.
- फाटकावरची पाटी वाचा. मोठ्या ग्रुपला काही ठिकाणी आधी परवानगी काढावी लागते.

चादर पसरण्याआधी गवत हाताने चाचपा, वरून कोरडं दिसलं तरी खाली ओल असते. मुंग्याही तेव्हाच दिसतील.

झोपाळे, घडीच्या खुर्च्या वगैरे सध्या घेऊ नका. दोन-तीनदा बसून या, मग बोलू.