डब्यातून काय परत यायचं?

"चांगलं करायला गेलं तर माणसं अंगावर का येतात ओ मॅडम?" हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. या वेळी तो घेऊन आल्या होत्या बेळगावातल्या वडगावच्या एक काकू. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

शेजारी नवं बिऱ्हाड आलेलं. नवरा मागावर कापड विणणारा, बायको घरी सुताच्या कांड्या भरणारी. काकूंचा हात मोकळा. धपाटे केले की चार तिकडे, घरात कुंदा आला की वाटीभर तिकडे. चारेक महिने असं चाललं आणि एक दिवस शेजारणीनं स्टीलचा डबा काकूंच्या कट्ट्यावर आपटला. "आम्ही काय उपाशी मरतोय काय?"

"ती कन्नड, आम्ही मराठी. म्हणूनच!" काकूंचा निकाल तयार होता. आमच्या सीमाभागात कुठल्याही रुसव्याला हे कारण हाताशी असतंच. पण चार महिने हीच बाई काकूंच्या पायरीवर बसून मोडक्यातोडक्या मराठीत गप्पा मारत होती, तेव्हा ती काय कन्नड नव्हती?

मी विचारलं, "डबा परत यायचा तेव्हा त्यात काय असायचं?"

काकू आठवत गेल्या. आधी भाजलेल्या शेंगा. मग चटणी. मग मूठभर साखर. मग नुसता कढीपत्ता, तिच्या दारातला. शेवटचा डबा तीन आठवडे आलाच नाही. तेव्हा काकू नळावर चारचौघींत म्हणाल्या होत्या, "रिकामाच दे गं. तुझं कसं चाललंय मला ठाऊक हाय की!" डबा आपटला तो दुसऱ्या दिवशी.

रिकामं भांडं परत देऊ नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मागाचं विचारलं, तर तो दोन महिने बंद. शेजारीण माझ्यासमोर बसलेली नव्हती, त्यामुळे तिच्या मनातलं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण शेंगांवरून कढीपत्त्यावर आलेला डबा बरंच बोलत होता. काकू धपाटे पाठवत होत्या, तिकडे देणं साचत होतं.

1966 साली जॅक ब्रेहम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यासोबत एक प्रयोग केला. त्यात एकजण दुसऱ्याला न मागता शीतपेय आणून द्यायचा. ज्यांना याच माणसाबद्दल पुढे मत द्यायचं होतं आणि ते मत महत्त्वाचं आहे असं सांगितलेलं होतं, त्यांनी पेय मिळाल्यावर त्याला कागद रचायला उलट कमीच मदत केली. पेय घेतल्यावर मत मोकळेपणानं कसं देणार? मोकळेपणा गेला की उपकारही टोचतो.

प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं नाही. गोड बोलण्यातून एकदा फसलेला माणूसही पुढच्या गोड बोलण्याला बिचकतो.

काकू मात्र चिडल्या. "मग द्यायचंच नाही काय कुणाला?"

"द्या की. पण आधी तिच्याकडं काहीतरी मागा."

पंधरा दिवसांनी काकू परत आल्या. कढीपत्ता मागायला गेल्या होत्या. पहिल्या दिवशी "घ्या तोडून" म्हणून ती आत निघून गेली. दुसऱ्या वेळी फांदी उंच होती, तर तिनं येऊन वाकवून धरली.

"बोलली काय?"

"'कवळी बघून घ्या, अक्का.' एवढंच."