गाण्याआधी त्याचे मूळ जाणून घ्या

तुम्ही लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सामने नुकतेच पाहू लागला आहात, म्हणून सांगतो की ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे त्याच्या चाहत्यांचे गाणे पाठ करण्याआधी त्याचा प्रवास समजून घ्या. १९४५ मध्ये ब्रॉडवेवरील ‘कॅरोसेल’ या संगीतिकेत ते पतीच्या मृत्यूने कोसळलेल्या स्त्रीला धीर देण्यासाठी गायले गेले, आणि १९६३ मध्ये लिव्हरपूल शहरातल्याच जेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ते ध्वनिमुद्रित केल्यावर मैदानातील प्रेक्षकांच्या तोंडी कायमचे बसले. हे गाणे जिथून घुमते, त्या क्लबच्या मैदानातील ‘कॉप’ या स्टँडचे नाव तर दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातील स्पायन कॉप या टेकडीचे आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ चाहते मृत्युमुखी पडले, तेव्हापासून हे गाणे माझ्या मते प्रार्थनाच झाले आहे. म्हणून दोन्ही हातांनी स्कार्फ डोक्यावर ताणून धरा, सावकाश गा आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्या.